डेडस्टॉकमधला एक रुपया

नोव्हेंबर हा आम्हा पेन्शनरांचा महिना. आपण अजून जिवंत आहोत हे बँकेला पटवून देण्याचा महिना. हयातीचा दाखला आता घरबसल्या मोबाइलवरून देता येतो असे धाकटी मुलगी दर वर्षी सांगते, आणि मी दर वर्षी न चुकता शाखेत जातो. त्या निमित्ताने जुने सहकारी भेटतात, कोण गेले कोण राहिले याची उजळणी होते, आणि ज्या काउंटरच्या आतल्या बाजूला आयुष्य काढले तो बाहेरच्या बाजूने कसा दिसतो हेही कळते. गेल्या नोव्हेंबरात असाच गेलो, तर जिन्याखाली संगणकांचा ढीग. चौदा-पंधरा यंत्रे, तीन प्रिंटर, यूपीएसच्या बॅटऱ्या, वायरींचे भेंडोळे आणि सगळ्यांवर अंथरलेला कुठल्याशा जुन्या योजनेचा फलक.

मॅनेजर तरुण आहे. माझ्या हाताखाली कधी नव्हता, पण मला ‘सर’ म्हणतो. मी विचारले, "बिघडलीत का सगळी?"

"नाही हो सर, चालू होती. पण ऑक्टोबरात विंडोज दहाचा सपोर्ट बंद झाला ना. नवी प्रणाली या मशीनवर चढत नाही. वरून आदेश आला, बदला."

"आणि या जुन्यांचं काय?"

"विभागीय कार्यालयाची परवानगी आली की भंगारात. बुकात एकेक रुपया आहे प्रत्येकाचा."

हा एक रुपया काय असतो ते बँकेबाहेरच्या वाचकांना सांगायला हवे. बँकेत संगणकावर दर वर्षी एक तृतीयांश घसारा धरतात. तीन वर्षांत त्याची हिशेबातली किंमत संपते. पण शून्य लिहिले तर वस्तू वहीतूनच नाहीशी होईल, म्हणून डेडस्टॉक रजिस्टरमध्ये तिच्या नावावर एक रुपया ठेवायचा. यंत्र पुढे सात वर्षे चालो की दहा, वहीत ते रुपयाचे. विकताना त्याचे दोनशे रुपये आले तरी एकशे नव्व्याण्णव रुपये फायदा. मी स्वतः असा फायदा बँकेला अनेकदा मिळवून दिला आहे आणि त्यातल्या एका व्यवहाराबद्दल एकोणीस वर्षांनी हा लेख लिहितो आहे.

मी १९८३ साली बँकेत लागलो. खतावण्या हाताने लिहिण्याचे दिवस. पुढच्याच वर्षी डॉ. सी. रंगराजन यांच्या समितीचा अहवाल आला आणि बँकांत यंत्रे येणार हे नक्की झाले. मग द्वारसभा, काळ्या फिती, घोषणा. नोकऱ्या जातील ही भीती खरी होती, तिची टिंगल मी आजही करणार नाही. १९९३ साली संघटना आणि व्यवस्थापने यांच्यात संगणकीकरणाचा करार झाला. आम्ही तो शाखेत बसून कलमा-कलमाने वाचला. यंत्रावर कोण बसणार, त्याला भत्ता किती, डोळ्यांची तपासणी कोण करणार, या सगळ्यावर खल झाला. यंत्र आले की माणूस कुठे जाईल हे आम्ही शंभर वेळा विचारले. यंत्र म्हातारे झाले की ते कुठे जाईल हे एकानेही विचारले नाही. मीही नाही.

२००६ साली सगळ्या शाखा एका मध्यवर्ती प्रणालीला जोडण्याचे काम चालू होते. मी तेव्हा पुण्यात विभागीय कार्यालयात जागा-सामान बघणाऱ्या खात्यात होतो. तिसाएक शाखांमधली जुनी यंत्रे एका गोदामात आणून टाकली होती. लखोटाबंद निविदा मागवल्या, तीन आल्या, सर्वांत जास्त रकमेची स्वीकारली. ऑफिस नोट मी लिहिली आणि खाली सही केली. टेम्पो आला, हमालांनी मॉनिटर बटाट्याच्या पोत्यांसारखे एकावर एक रचले, गेटपासवर शिक्का बसला. नोटमध्ये मी ‘विल्हेवाट पूर्ण’ असे लिहिले होते. कादंबरीत एखादे पात्र नकोसे झाले की लेखक त्याला परगावी बदलीवर पाठवून देतो, तसाच तो प्रकार होता.

तीन महिन्यांनी एका रविवारी जुन्या बाजारात गेलो होतो. पुणेकरांना हा बाजार माहीत आहे. बुधवार-रविवार भरतो, आणि पितळी कुलपापासून तुटक्या हार्मोनियमपर्यंत काहीही मिळते. मी जुन्या पुस्तकांसाठी जातो. एका माणसाने ताडपत्रीवर संगणकांचे सांगाडे मांडले होते. त्यातल्या एकाच्या बाजूला पांढऱ्या ऑइलपेंटने नंबर घातलेला होता. तो नंबर कोणाच्या हातचा आहे हे मला लगेच कळले. आमच्या एका तालुक्याच्या शाखेतले दप्तरी सगळ्या खुर्च्या-टेबलांवर असेच नंबर घालत, चारचा आकडा उलट्या खुर्चीसारखा काढून. ते यंत्र त्या शाखेतला मुख्य संगणक होते, ज्याला आम्ही मोठ्या आदराने सर्व्हर म्हणत असू आणि ज्याच्या खोलीत चपला काढून जात असू.

"चालू आहे साहेब, लावून बघा," विक्रेता म्हणाला.

सातशे रुपये देऊन ते घरी आणले. पुतण्या इंजिनिअरिंगला होता. त्याने हार्ड डिस्क काढून आपल्या संगणकाला जोडली आणि पंधरा मिनिटांत मला हाक मारली. पडद्यावर बचत खात्यांची यादी होती. नाव, पत्ता, शिल्लक, नामनिर्देशन. त्या तालुक्यात मी कधीकाळी दोन वर्षे काढली होती. यादीतली कितीतरी माणसे माझ्या ओळखीची होती. एक निवृत्त शिक्षिका, जिने आपल्या नवऱ्याला कळू नये म्हणून वेगळे खाते उघडले होते आणि ते गुपित मी बदली होईपर्यंत सांभाळले होते, तिचेही खाते त्यात शिलकेसह होते. पुतण्या म्हणाला, "काका, हे तुमच्या बँकेनं पुसलं नव्हतं?" पुसले होते. गोदामात एका मुलाने प्रत्येक यंत्र ‘फॉरमॅट’ केल्याचा कागद माझ्याच फाइलमध्ये होता.

फॉरमॅट म्हणजे काय हे त्या दिवशी मला कळले. खतावणीच्या सुरुवातीला अनुक्रमणिका असते, कोणते खाते कोणत्या पानावर ते सांगणारी. साधे फॉरमॅट केले की ती अनुक्रमणिका फाटते, पाने तशीच राहतात. थोडे जाणणारा माणूस पाने उलटून वाचू शकतो. डिस्कवर पुन्हा पुन्हा दुसरे काही लिहिणे, तिची चुंबकीय शक्ती घालवणे किंवा सरळ तिचे तुकडे करणे, एवढेच खरे उपाय. मी गच्चीवर जाऊन हातोड्याने तिसरा उपाय केला. बँकेत कोणाला सांगितले नाही. सांगायला हवे होते. गोदामातून तशा आणखी किती गेल्या होत्या आणि त्या कोणाकोणाच्या टेबलावर उघडल्या गेल्या, हे आता कधीच कळणार नाही. बढतीची मुलाखत दोन महिन्यांवर होती, हे कारण मी स्वतःलाही फार मोठ्याने सांगत नाही.

आणि हे कोणत्या संस्थेत घडले? तर जिथे पाच रुपयांची फाटकी नोटसुद्धा मोजून, बांधून, शिक्का मारून रिझर्व्ह बँकेकडे पाठवली जाते. तिथे यंत्र ती नोट पुन्हा तपासते, तिचा भुगा करते आणि त्या भुग्याच्या दाबून विटा बनवते. जुन्या खतावण्या किती वर्षे सांभाळायच्या याचे १९८५ चे नियम आहेत, पाच वर्षे किंवा आठ वर्षे. त्या रद्दीत देताना कागदाचा लगदा होईपर्यंत अधिकाऱ्याने समोर उभे राहायचे, ही आमची शिस्त होती. मी स्वतः एका कागद गिरणीत नाकाला रुमाल लावून दिवसभर उभा राहिलो आहे. पण तीच खतावणी लोखंडी डबीत शिरली तेव्हा आमच्या लेखी ती खतावणी राहिली नाही, लोखंड झाली.

हा गबाळेपणा आपल्याकडचाच, असे समजून कोणी मान हलवू नये. अमेरिकेतल्या मॉर्गन स्टॅन्ली या बड्या वित्तसंस्थेच्या संपत्ती-व्यवस्थापन शाखेने आपली जुनी यंत्रे काढण्याचे काम सामान हलवणाऱ्या एका कंपनीला दिले. माहिती नष्ट करण्याचा त्या कंपनीला काहीच अनुभव नव्हता. तिने यंत्रे तिसऱ्याला विकली आणि त्यातली काही इंटरनेटवरच्या लिलावात गेली. २०१७ साली ओक्लाहोमातल्या एका संगणक-सल्लागाराने अशा लिलावात डिस्क घेतल्या आणि त्यानेच कंपनीला पत्र पाठवून कळवले की तुमच्या ग्राहकांची माहिती माझ्यासमोर आहे. सुमारे दीड कोटी ग्राहकांचा हा प्रश्न होता. २०२० मध्ये तिथल्या बँक-नियंत्रकांनी सहा कोटी डॉलर दंड केला, २०२२ मध्ये रोखे-नियंत्रकांनी आणखी साडेतीन कोटी. गेलेली बहुतेक यंत्रे परत मिळालीच नाहीत. ही बातमी वाचली तेव्हा मला जुन्या बाजारातली ताडपत्री आठवली. माझे सातशे रुपयांत भागले होते.

मात्र हा सगळा दंड माहितीपायी झाला, हेही लक्षात घ्यावे. आपल्याकडे २०२३ साली आलेल्या वैयक्तिक माहितीच्या कायद्यात अडीचशे कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे आणि तो टप्प्याटप्प्याने लागू होतो आहे. त्यामुळे डिस्कची काळजी यापुढे कंपन्या घेतीलच, पैशाची भीती फार गुणकारी असते. मुलगी हिंजवडीत ज्या कंपनीत आहे, तिथे निकामी केलेल्या प्रत्येक डिस्कचा क्रमांक लिहून दाखला घेतात, कारण परदेशी गिऱ्हाईक तो मागते. पण डिस्क काढून घेतल्यावर उरलेल्या डब्याचे काय? त्याच्यात ग्राहकाचे नाव नसते, त्याच्यात शिसे असते.

जुन्या, पाठीमागे फुगीर असलेल्या मॉनिटरच्या काचेत शिसे. मदरबोर्डच्या डाखात शिसे. पहिल्या पिढीतल्या सपाट पडद्यांच्या दिव्यांत पारा. वायरींवर प्लास्टिक, जे जाळले की विषारी धूर होतो. आणि या सगळ्यात मिसळलेले तांबे व चिमूटभर सोने, ज्याच्यासाठी हा सगळा धंदा चालतो. पुण्या-मुंबईतून सुटे केलेले बोर्ड कुठे जातात याचा माग पत्रकारांनी आणि संस्थांनी बऱ्याच वेळा काढला आहे. वाट दिल्लीतल्या सीलमपूरकडे जाते आणि तिथून मुरादाबादला. मुरादाबाद ही पितळेच्या भांड्यांची नगरी, धातू वितळवण्याचे कसब तिथे पिढीजात. बोर्ड शेगडीवर तापवून त्यावरचे भाग उपटायचे, सोन्याचा मुलामा असलेल्या कडा आम्लात बुडवायच्या, बाकीचे जाळायचे आणि राख रामगंगेच्या काठी चाळून-धुऊन उरलेसुरले धातूचे कण वेचायचे. दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट या संस्थेने २०१५ मध्ये तिथल्या माती-पाण्याचे नमुने तपासले आणि त्यांत जड धातू सापडले. राख धुणाऱ्यांत बायका आणि मुले असतात. त्यांच्या हातमोज्यांचा खर्च कोणाच्याच निविदेत धरलेला नसतो, म्हणून तर भंगाराचा भाव चांगला येतो. माझ्या २००६ च्या नोटमधला ‘फायदा’ कुठून आला होता, याचा हिशेब मला असा उशिरा लागला.

भंगार विकणाऱ्या संस्थेची जबाबदारी गेटपासवर संपते का, याचे उत्तर एकदा फार भयानक रीतीने मिळाले होते. २०१० साली दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागातले, कित्येक वर्षे वापरात नसलेले एक उपकरण लिलावात भंगार म्हणून विकले गेले. त्यात किरणोत्सारी कोबाल्ट होते. मायापुरीच्या भंगार बाजारात ते फोडले गेले. कामगार भाजले, एकाचा मृत्यू झाला. त्यांनी बिचाऱ्यांनी फक्त धातू पाहिला होता. संगणकात कोबाल्टसारखे तत्काळ जीव घेणारे काही नसते, त्याचे विष सावकाश काम करते, आणि सावकाश चालणाऱ्या विषाची चौकशी समिती नेमली जात नाही.

कायदा नाही असे मात्र आता म्हणता येणार नाही. २०११ साली ई-कचऱ्याचे पहिले नियम निघाले आणि १ मे २०१२ पासून लागू झाले. २०१६ साली ते बदलले, २०२२ साली पुन्हा, आणि हे नवे १ एप्रिल २०२३ पासून अमलात आहेत. मुळातली कल्पना अशी की ज्याने वस्तू बनवून विकली, तिच्या अंतापर्यंत त्याची जबाबदारी. स्वीडनमधले थॉमस लिंडक्विस्ट यांनी १९९० मध्ये ती मांडली. कल्पना मला फार आवडते. आपल्या जुन्या गावगाड्यात गाडगे घडवणाऱ्या कुंभाराला फुटके खापर परत घ्यावे लागत नसे, पण ते खापर मातीतच मिसळत होते. मदरबोर्ड मिसळत नाही.

बनवणाऱ्याची जबाबदारी, हे ठीक. वापरणाऱ्याची? २०१६ च्या नियमांत सरकारी खाती, बँका, शिक्षणसंस्था, कंपन्या हे सगळे ‘घाऊक वापरकर्ते’ होते. त्यांनी नोंदवही ठेवायची, वर्षाचे विवरणपत्र भरायचे. बँकांचे नाव नियमात स्वच्छ लिहिलेले होते. मी तेव्हा नोकरीत होतो. हे नियम माझ्या टेबलावर परिपत्रक म्हणून कधी आलेले मला आठवत नाहीत, आणि आले असतील तर ते मी ‘वाचून नोंद घेतली’ अशी सही करून पुढे सरकवले असणार. नव्या नियमांत घाऊक वापरकर्ता म्हणजे वर्षात कधीही हजार किंवा अधिक उपकरणे वापरणारा. त्याने आपला ई-कचरा फक्त नोंदणीकृत उत्पादक, दुरुस्ती करून पुन्हा वापरात आणणारा किंवा नोंदणीकृत पुनर्प्रक्रियादार यांनाच द्यायचा. वाक्य एका ओळीचे आहे आणि त्यात ‘सर्वांत जास्त बोली लावणारा’ हा शब्द कुठेही नाही.

पण हजाराच्या आतले? सहा संगणकांचे सनदी लेखापाल, चाळीस यंत्रांची पतसंस्था, खासगी शिकवणी, दोन मजली नर्सिंग होम, कॅमेरे बसवलेली सराफी पेढी, यांची मोट बांधली तर आपल्या कुठल्याही जिल्ह्याच्या गावातला बहुतेक कार्यालयीन कचरा त्यात येईल. सूक्ष्म उद्योगांना तर नियमांतूनच वगळले आहे. लहान माणसावर कागदपत्रांचा बोजा नको, हा हेतू चांगला, आणि बोजा काय असतो हे मला कोणी सांगायला नको. तरीही, विवरणपत्र नको पण माल कोणाला द्यावा एवढी एक अट तरी सर्वांना ठेवायला हरकत नव्हती.

उत्पादकांच्या बाबतीत नियमाने एक बाजार उभा केला आहे, आणि इथे माझ्यातला कर्ज-अधिकारी जागा होतो. कंपनीने विकलेल्या मालाच्या प्रमाणात ठरावीक वजनाची पुनर्प्रक्रिया झाली पाहिजे. २०२३-२४ पासून साठ टक्के, २०२५-२६ पासून सत्तर, २०२७-२८ पासून ऐंशी. पण तो कचरा कंपनीने स्वतः गोळा करायला हवा असे नाही. नोंदणीकृत पुनर्प्रक्रियादार धातू काढतो, त्याबदल्यात त्याला प्रमाणपत्र मिळते, ते कंपनी विकत घेते. कागदावर सुरेख. आम्ही बँकवाल्यांनी हयातभर हुंड्या वटवल्या. हुंडीमागे माल आहे की नाही, ट्रकची पावती खरी की छापखान्यातली, हे बघण्यात आमचे केस पांढरे झाले. मागे माल नसलेली बिले वटवून किती शाखा बुडाल्या, ते जुने लोक सांगतील. प्लॅस्टिकच्या बाबतीत अशीच प्रमाणपत्रे होती, आणि केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या तपासणीत त्यातली सुमारे सहा लाख बनावट निघाली. ई-कचऱ्यात तसे होऊ नये म्हणून, आणि पुनर्प्रक्रिया करणाऱ्याला परवडावे म्हणून, सरकारने किलोमागे किमान दर ठरवला, घरगुती उपकरणांसाठी बावीस रुपये. त्यावर काही मोठ्या कंपन्या दिल्लीच्या उच्च न्यायालयात गेल्या. हजारो रुपयांच्या वस्तूत किलोला बावीस रुपये! भाजीवालीशी कोथिंबिरीच्या जुडीवरून घासाघीस करणाऱ्या गृहिणीला आपण नावे ठेवतो.

आता कोणी म्हणेल, मग भंगारवाल्याच्या पोटावर पाय देणार का? नाही. पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ पासून उभी आहे, कचरावेचकांचीच ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था २००८ पासून महापालिकेबरोबर घरोघरचा कचरा गोळा करते आहे. दारात येऊन वस्तू उचलणे, निवडणे, सुटी करणे यात या लोकांइतके कसब कोणाकडे नाही. धोका सुटे करण्यात नाही तितका जाळण्यात आणि आम्लात बुडवण्यात आहे. पहिले काम त्यांच्याकडे राहावे, दुसरे काम धुराडी आणि गाळण्या असलेल्या कारखान्यात व्हावे, आणि मधल्या पैशाची तोशीस विकणाऱ्या संस्थेने सोसावी. नव्या नियमांत अशा कामगारांची नोंदणी आणि प्रशिक्षण राज्य सरकारांवर सोपवले आहे. हे काम प्रत्यक्षात कुठवर आले याची चौकशी आपल्या आमदारांनी कधी तरी विधानसभेत करावी.

जाता जाता एका पुण्यकर्माबद्दल. जुने संगणक जिल्हा परिषदेच्या शाळेला भेट देण्याची चाल आहे. फोटो छान येतो. मीही असा एका कार्यक्रमाला नारळ फोडला आहे. चार वर्षांचे, दुरुस्त केलेले यंत्र शाळेला जरूर द्यावे, वस्तू जास्त वर्षे वापरण्यासारखा दुसरा उपाय नाही. पण नऊ वर्षांचे, बॅटरी मेलेले, कोणी दुरुस्त न करणारे यंत्र देणे म्हणजे आपला कचरा गुरुजींच्या डेडस्टॉकमध्ये चढवणे. त्या गुरुजींना तर तो विकायलाही परवानगी लागते. आम्ही दिलेल्या संगणकांवर पुढे पोषण आहाराची पोती ठेवलेली मी पाहिली.

जगभरात २०२२ या एका वर्षात ६ कोटी २० लाख टन ई-कचरा झाला आणि त्यातला जेमतेम २२ टक्के रीतसर गोळा होऊन प्रक्रियेत गेला, असे संयुक्त राष्ट्रांचा अहवाल सांगतो. हे आकडे वाचून माणूस हताश होतो आणि हताश माणूस काही करत नाही. म्हणून मी आकड्यापेक्षा सहीकडे बघतो. प्रत्येक कार्यालयात एक माणूस असतो ज्याच्या सहीने यंत्र बाहेर पडते. त्याला आज भीती एकाच गोष्टीची वाटते. लेखापरीक्षक विचारेल, सर्वांत मोठी बोली का सोडली? विष कुठे गेले असे त्याला कोणी विचारत नाही. मी तीस वर्षे या भीतीत काढली आहेत आणि ती मूर्खपणाची नाही. संस्थेचा पैसा हा लोकांचा पैसा, आणि मोठी बोली सोडण्याआड पुष्कळ जणांनी आपले खिसे भरले आहेत. पण आपण जुने यंत्र देतो तेव्हा माल विकत नसतो, एक सेवा विकत घेत असतो. नाल्यातला गाळ काढणाऱ्याला आपण पैसे देतो, त्याच्याकडून मागत नाही. तेव्हा यंत्र विकत घेतानाच त्याच्या अंत्यविधीची रक्कम बाजूला टाकावी. ग्रॅच्युइटीची तरतूद आम्ही माणूस चाळीस वर्षांनी निवृत्त होणार म्हणून आधीच करत होतो. यंत्र तर सात वर्षांत निवृत्त होते.

हे सगळे त्या दिवशी मी तरुण मॅनेजरला चहाबरोबर ऐकवले. तो हसला आणि म्हणाला, "सर, तुम्हीच नोट लिहून द्या. मी माझ्या सहीनं पाठवतो."

मी लिहून दिली. फुलस्केपची दोन पाने. यंत्रांचे क्रमांक, डिस्क काढून शाखेतच दोन अधिकाऱ्यांसमोर भोक पाडून निकामी कराव्यात, बॅटऱ्या पुरवठादाराला परत द्याव्यात, उरलेला माल नोंदणीकृत पुनर्प्रक्रियादाराकडे द्यावा, आणि तो देईल त्या रकमेत, प्रसंगी वाहतुकीचा खर्च आपण सोसून. नियमाचे वर्ष आणि कलमही घातले. मुलीने पोर्टलवरून जिल्ह्याच्या जवळच्या पुनर्प्रक्रियादारांची नावे काढून दिली.

तीन आठवड्यांनी मॅनेजरचा फोन आला. विभागीय कार्यालयाने नोट परत पाठवली होती. समासात हिरव्या शाईने एकच ओळ. स्थानिक बाजारात याहून अधिक दर उपलब्ध असल्याचे कळते, तरी खुलासा करावा. पंधरा वर्षे मी त्याच शाईने त्याच ओळी लिहिल्या होत्या, त्यामुळे राग आला नाही. खुलाशाचा मसुदा मी काल रात्री पुरा केला. उद्या सोमवारी शाखेत नेऊन देईन. ढीग अजून जिन्याखाली आहे, आणि मॅनेजर सांगत होता की वरचा तो फलक मात्र कोणीतरी नेला.